गाडीचा एसी नीट थंड करत नसेल तर : गॅस भरण्याआधीची तपासणी आणि नंतरची दुरुस्ती

बेळगाव, खानापूर भागात गाडीचा एसी बिघडण्यामागे तो न वापरणे हेही एक कारण असते. मृगाचा पाऊस सुरू झाला की एसीचे बटण बंद होते, ते होळी झाल्यावरच पुन्हा दाबले जाते. मधल्या आठ-नऊ महिन्यांत कॉम्प्रेसर फिरलेला नसतो, त्याच्या शाफ्टच्या सीलला तेल पोहोचलेले नसते, सील कोरडे पडते आणि त्यातून गॅस हळूहळू निसटत राहतो. मग एप्रिलात अथणी-रायबागकडच्या लग्नाला निघाल्यावर, बाहेर पारा चाळिशीकडे सरकलेला असताना, जाळीतून जेमतेम गार वारा येतो. गाडी मिस्त्रीकडे जाते, ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ असे उत्तर मिळते, गॅस भरला जातो, काही दिवस बरे चालते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडते.

ज्यांनी एसीच्या बाबतीत बटणापलीकडे आजवर काही पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सील यांतून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी एकदा भरावा लागला तर नवल नाही. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर मात्र गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे वाया घालवलेला पैसा. शिवाय थंडावा कमी होण्याची बरीच कारणे अशी आहेत की त्यांचा गॅसशी काही संबंधच नसतो. म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करावी आणि खर्चिक गोष्टींकडे शेवटी जावे.

यंत्रणा थोडक्यात

बॉनेटखाली पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो गरम होतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये हा गरम गॅस बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो. तो द्रव ड्रायरमधून गाळला जाऊन एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे दाब एकदम उतरल्यामुळे उकळतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून ओढून घेतो. ब्लोअर तीच हवा आपल्या तोंडावर सोडतो. या फेऱ्यात दोन ठिकाणी हवा लागते, पुढे कंडेन्सरवर आणि आत कॉइलवर. यांपैकी कुठेही हवा अडली तर गॅस पुरेपूर असूनही गाडी थंड होत नाही.

गेल्या तीसेक वर्षांतल्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे उघड्या नळीतून निसटलेला गॅस कातडीवर किंवा डोळ्यात गेला तर हिमदाह होतो. म्हणून नळ्यांचा कोणताही जोड स्वतः सैल करू नये. गॅसचा दाब मोजणारे गेज जोडताना हातमोजे आणि चष्मा हवाच. गॅस सुटला असेल तिथे विडी-सिगारेट किंवा ज्योत नसावी, कारण ज्वालेत हा गॅस फुटून विषारी वायू तयार होतात. कंडेन्सरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे तिथे हात घालण्याआधी चावी काढून घ्यावी. हायब्रीड किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीत कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. नारिंगी रंगाच्या वायरी दिसल्या तर पुढची सगळी तपासणी अधिकृत वर्कशॉपवर सोडून द्यावी.

पहिले काम : मोजमाप

‘थंड वाटत नाही’ या तक्रारीवरून काहीच ठरत नाही. लांब दांडीचा साधा थर्मामीटर दुकानात सहज मिळतो, तो घ्यावा. गाडी सावलीत उभी करावी, बॉनेट उघडे ठेवावे, एसी पूर्ण थंडवर, हवा आतल्या आत फिरणाऱ्या स्थितीत आणि ब्लोअर मधल्या गतीवर ठेवावा, कुणाला तरी इंजिनचा वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास धरायला सांगावे आणि थर्मामीटरची दांडी मधल्या जाळीत खोल सरकवून दहा मिनिटे थांबावे. बाहेर ३५ अंश असताना धडधाकट गाडीत जाळीतली हवा साधारण ७ ते १२ अंशांपर्यंत उतरते. कारवारसारख्या दमट किनाऱ्यावर किंवा आपल्याकडच्या पावसाळ्यात हा आकडा थोडा वर राहतो, कारण कॉइलची बरीच ताकद हवेतले बाष्प पाणी करून काढण्यात खर्च होते. गाडीखाली पाण्याचे थेंब पडत असतील तर ते चांगले लक्षण आहे.

आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि सोबत आणखी तीन गोष्टी नोंदवाव्यात. वारा जोरात येतो का? थंडावा सतत कमी आहे, की कधी असतो नि कधी जातो? आणि गाडी उभी असताना व धावताना फरक पडतो का? या तीन उत्तरांवरच पुढचा रस्ता ठरतो, आणि मिस्त्रीकडे जायची वेळ आली तर ‘एसी चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ही माहिती त्याच्या जास्त उपयोगी पडते.

वाराच कमी येत असेल तर

वारा थंड आहे पण जोर नाही, असे असेल तर आधी गॅसचा विचार करू नये. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो; ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला की फिल्टरचे झाकण दिसते. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत कंपनीकडून हा फिल्टर दिलेलाच नसतो, नुसता खाचा असतो, आणि मग सगळी धूळ थेट कॉइलवर जाऊन बसते.

आपल्या भागात फिल्टर फार लवकर भरतो. खानापूर तालुक्यातल्या वीटभट्ट्यांच्या रस्त्यावरच्या गाडीचा फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटला तर तांबड्या मातीचा ढीग पडतो. निपाणी भागातल्या गाडीत घड्यांमध्ये तंबाखूचा बारीक चुरा सापडतो आणि त्याचा वास एसी चालू केल्याबरोबर नाकात जातो. चिकोडी, रायबाग, अथणी या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात ट्रॉल्यांमागून गाडी चालवल्यावर पाचटाचे तुकडे काचेखालच्या जाळीतून थेट आत शिरतात. ती जाळी बोटांनी साफ करून मगच फिल्टर बदलावा. कागदी फिल्टर धुवू नये. झटकून एकदोनदा वापरता येतो, पण हंगाम संपल्यावर नवा घालणे बरे. हवेची दिशा दाखवणारा बाण पाहूनच तो बसवावा.

फिल्टर नवा असूनही वारा कमी असेल तर कॉइलवरच मळाचा थर असण्याची शक्यता असते. कॉइल ओली राहते, ओल्यावर धूळ चिकटते आणि मग कुबट वासही येऊ लागतो. फवाऱ्याने मारायचा फोम क्लीनर ब्लोअरच्या मार्गातून किंवा पाणी निघण्याच्या नळीतून सोडता येतो. थर जाड असेल तर मात्र डॅशबोर्ड उतरवून कॉइल बाहेर काढून धुण्याला पर्याय नसतो. ब्लोअर फक्त शेवटच्या गतीवर चालतो आणि खालच्या गतींवर चालत नाही, असे असेल तर दोष ब्लोअरची गती कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरमध्ये आहे. तो स्वस्त असतो आणि बहुधा ब्लोअरशेजारीच बसवलेला असतो.

एक लक्षण नवख्या माणसाला हमखास चकवते. निघताना एसी उत्तम चालतो, तासाभराने वारा कमी कमी होत जवळजवळ थांबतो, आणि गाडी पंधरा मिनिटे उभी करून पुन्हा सुरू केली की सगळे पूर्ववत होते. अशा वेळी कॉइलवर बर्फ साचत असतो. कॉइल गोठण्याच्या बेताला आली की कॉम्प्रेसर बंद करणारा थर्मिस्टर बिघडला असेल, फिल्टर भरल्याने हवा कमी पडत असेल किंवा गॅस थोडा कमी असेल, तर असे होते. जांबोटी-कणकुंबी मार्गे चोर्ल्याकडे पावसात जाताना हे जास्त दिसते, कारण हवेत बाष्प भरपूर असते. प्रवासात तात्पुरता उपाय म्हणजे एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटे चालवणे, बर्फ वितळतो. प्रवाशाच्या पायाशी पाणी साचत असेल तर पाणी निघण्याची रबरी नळी मातीने तुंबली आहे, ती खालून मऊ तारेने मोकळी करावी.

वारा जोरात, पण कोमट

आता तपासणी बॉनेटखाली जाते. त्याआधी एक शंका फेडून घ्यावी : हिटरची गरम हवा तर मिसळत नाही ना? तापमानाची फिरकी थंड टोकाला असतानाही आतली झडप अर्धवट उघडी राहिली तर थंड हवेत गरम हवा मिसळते. इंजिन थंड असताना, म्हणजे सकाळी पहिल्या पाच मिनिटांत, एसी चांगला असेल आणि इंजिन तापल्यावर कोमट होत असेल तर आधी संशय या झडपेवर घ्यावा. झडपेची केबल निसटलेली असू शकते, किंवा तिची छोटी मोटर अडकलेली असू शकते.

टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी उभी राहिली की एसी कोमट होतो आणि तीच गाडी महामार्गाला लागून तवंदी घाटाकडे धावू लागली की पुन्हा गारठा येतो, ही तक्रार नेहमीची आहे. तिचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो, उभ्या गाडीत कंडेन्सरला हवा मिळत नाही. एसी लावल्यावर पुढचा पंखा काही सेकंदांत फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने पाहावे. पंखा फिरत असूनही हळू फिरत असेल तर मोटरचे कार्बन झिजलेले असतात, आणि उलटा फिरत असेल (दुरुस्तीनंतर वायरी उलट जोडल्याने हे घडते) तर हवा पुढच्या दिशेला ढकलली जाते. कंडेन्सरपुढे कागद धरला तर तो जाळीला चिकटून राहायला हवा.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर पाहावा. पुढच्या ग्रिलमधून बॅटरीचा उजेड टाकला की पाचट, पाखरे, चिखल दिसतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीतला मळ समोरून दिसत नाही, आणि बहुतेकदा खरी अडचण तिथेच असते. बागेच्या पाइपाने, मध्यम धारेने, शक्यतो मागून पुढे पाणी मारावे. सर्व्हिसिंग सेंटरवरची जोरदार पाण्याची गन जवळून मारली तर पातळ पत्रे आडवे होतात आणि हवेचा मार्ग कायमचा बंद होतो, म्हणून ती मारू देऊ नये. थोडे वाकलेले पत्रे प्लास्टिकच्या कंगव्याने सरळ करता येतात. एवढे केल्यावर पुन्हा थर्मामीटर लावून पाहावा, कारण कित्येक गाड्या इथेच दुरुस्त होतात.

घाट चढताना एसी मधूनच काही क्षण गरम होत असेल तर घाबरू नये. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर किंवा इंजिन फार तापल्यावर कॉम्प्युटर कॉम्प्रेसर बंद करतो, ती योजनाच असते. मात्र सोबत इंजिनच्या तापमानाचा काटाही वर चढत असेल तर आधी कूलंट आणि रेडिएटरची तपासणी करावी.

कॉम्प्रेसर ओढतो आहे का

इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला एसीचे बटण दाबायला सांगावे. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला पुढे चुंबकीय क्लच असतो. बटण दाबताच ‘टक्’ असा आवाज येऊन पुढची चकती फिरू लागते आणि इंजिनचा आवाज किंचित बदलतो. चकती थांबलेलीच असेल तर प्रथम फ्यूज पाहावा, मग त्याच पेटीतला सारख्या क्रमांकाचा दुसरा रिले काढून एसीच्या जागी लावून पाहावा. टेस्ट लॅम्प असेल तर क्लचच्या वायरीवर लावावा. दिवा लागतो पण क्लच ओढत नाही, असे असेल तर क्लचमधली चुंबकाची कॉइल जळली आहे किंवा चकतीतली फट झिजून वाढली आहे. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावी लागते. ती वाढली की थंड असताना क्लच ओढतो आणि तापल्यावर सुटतो. फट कमी करण्यासाठी आतली पातळ वॉशर काढतात, त्यासाठी आख्खा कॉम्प्रेसर बदलायला लावणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी.

दिवाच लागत नसेल तर प्रेशर स्विचने वीज तोडलेली असू शकते. गॅस फार कमी झाला की कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळू नये म्हणून हा स्विच त्याला चालूच होऊ देत नाही. काही जण या स्विचच्या वायरी जोडून कॉम्प्रेसर ‘सुरू करून दाखवतात’. गॅस नसताना तेलही फिरत नाही, त्यामुळे असे करणे म्हणजे चांगल्या कॉम्प्रेसरची वाट लावणे. नव्या गाड्यांत बदलत्या क्षमतेचे कॉम्प्रेसर असतात, त्यांतल्या काहींना क्लच नसतोच. तिथे टक् आवाज आला नाही म्हणून दोष धरू नये.

दोन नळ्यांना हात लावून पाहिल्यानेही बरेच कळते. जाड नळी गार आणि घामेजलेली असावी, बारीक नळी कोमट-गरम असावी. कॉम्प्रेसरमधून थेट निघणाऱ्या नळीला हात लावू नये, ती चटका देण्याइतकी तापलेली असते.

गेज लावल्यावर काय पाहावे

इथून पुढचे काम साधने असलेल्या मिस्त्रीचे आहे, पण गाडीच्या मालकाने शेजारी उभे राहून आकडे वाचायला शिकावे. निळे गेज कमी दाबाच्या जाड नळीला आणि लाल गेज जास्त दाबाच्या बारीक नळीला लागते. दोन्ही जोडांचे माप वेगळे असल्याने सहसा चूक होत नाही.

इंजिन बंद करून, गाडी निवल्यावर, दोन्ही गेज सारखाच आकडा दाखवतात आणि तो हवेच्या तापमानावर ठरतो. आर-१३४ए असेल तर २५ अंशांना सुमारे ८२, ३० अंशांना सुमारे ९७ आणि ३५ अंशांना सुमारे ११४ पीएसआय (गेजवरचे दाबाचे माप). आकडा यापेक्षा खूप कमी असेल तर यंत्रणा जवळपास रिकामी आहे. आकडा बराच जास्त असेल तर आत हवा किंवा दुसरा कुठला तरी गॅस मिसळलेला आहे. पण आकडा जुळला म्हणजे गॅस पुरेसा आहे असा अर्थ होत नाही, कारण आत द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी दाब तोच राहतो. इथेच अनेकांची गल्लत होते आणि ‘प्रेशर बरोबर आहे’ म्हणून अर्ध्या गॅसवर गाडी परत दिली जाते.

इंजिन चालू असताना, बाहेर ३५ अंशांच्या आसपास, निळे गेज साधारण ३० ते ४५ आणि लाल गेज २०० ते २५० पीएसआय दाखवते. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस प्रमाणाबाहेर भरलेला आहे, किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही, किंवा आत हवा शिरली आहे. निळे वर आणि लाल खाली, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकलेले, असे दिसले तर कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाही. निळे गेज शून्याखाली जात असेल तर एक्स्पान्शन वॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. असे थोड्या वेळाने होऊन पुन्हा आपोआप सुटत असेल तर वॉल्व्हच्या तोंडाशी आतल्या ओलाव्याचा बर्फ होत असतो.

गळती कुठे शोधावी

गॅससोबत तेल फिरत असते, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळा चट्टा तयार होतो. नळ्यांचे जोड, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, कंडेन्सरचे कोपरे आणि गेज लावण्याचे दोन वॉल्व्ह या जागा डोळ्यांनी पाहाव्यात. कंडेन्सरला महामार्गावरच्या खडीने छिद्र पडते. कारवारकडे नेहमी जाणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. गेज लावण्याच्या वॉल्व्हवरची प्लास्टिकची टोपी हरवलेली असणे ही अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण ती टोपी गळती रोखणारे दुसरे झाकणच असते. त्या वॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का, हे घरीही पाहता येते.

मोठ्या गळतीसाठी यंत्रणा रिकामी करून तिच्यात कोरडा नायट्रोजन दाबाने भरतात आणि साबणाचे पाणी लावतात. हवेचा कॉम्प्रेसर या कामाला वापरू नये, कारण त्या हवेत ओलावा असतो. ऑक्सिजनचे सिलिंडर तर चुकूनही लावू देऊ नये, कारण दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो. फार बारीक गळतीसाठी रंग मिसळून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली शोध घेतात. बाहेर कुठेच काही सापडले नाही तर कूलिंग कॉइल उरते. पाणी निघण्याच्या नळीच्या तोंडाशी गळतीशोधक यंत्र धरले की तिचा निकाल लागतो. गळती बुजवणारे रसायन डब्यातून सोडण्याचा सोपा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. तो नाकारावा, कारण ते रसायन एक्स्पान्शन वॉल्व्हही बुजवते आणि गॅस परत काढून घेणारे यंत्रही खराब करते.

दुरुस्ती करून घेताना

जोड उघडला की तिथली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, नवीच घालावी, आणि तीही आर-१३४एला चालणारी; साधी काळी पाण्याच्या नळाची रिंग टिकत नाही. यंत्रणा बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलावा, कारण ओलावा शोषण्याची त्याची ताकद संपलेली असते. कॉम्प्रेसर किंवा कंडेन्सर बदलला असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात आणि प्रकारचे तेल घालावे लागते. आर-१३४एच्या बहुतेक गाड्यांत पीएजी नावाचे कृत्रिम तेल असते आणि ते हवेतले पाणी भराभर ओढते, म्हणून महिनाभर उघड्या पडलेल्या बाटलीतले तेल घेऊ नये.

रबरी नळी फाटली असेल तर बेळगावात उद्यमबागेची आठवण होणे साहजिक आहे, कारण हायड्रॉलिक नळ्यांना तोंड दाबून देणारी दुकाने तिथे सहज सापडतात. यंत्र तेच चालते, पण नळी मात्र आतून नायलॉनचा थर असलेली, एसीसाठीच बनवलेली घ्यावी लागते. जेसीबीच्या हायड्रॉलिक नळीतून तेल गळणार नाही, पण एसीचा गॅस तिच्या रबरातून झिरपून जाईल.

त्यानंतरचा टप्पा व्हॅक्यूमचा, आणि घाई होते ती नेमकी इथेच. पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढण्यासाठी किमान अर्धा ते पाऊण तास द्यावा. पुस्तकांत ‘गेज (पाऱ्याच्या) २९ इंचांवर यावे’ असे लिहिलेले असते, पण ते समुद्रसपाटीचे माप आहे. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला जवळपास एक इंच कमी होतो, त्यामुळे इथे पूर्ण व्हॅक्यूमलाही साधे गेज २७ इंचांच्या आसपासच थांबते. पंप खराब आहे असे समजून भांडू नये. उलट काटा २४-२५ वरच अडकला असेल तर मात्र काम अपुरे आहे, कारण एवढ्या दाबाला आतले पाणी साध्या तापमानात उकळून बाहेर पडत नाही. मग पंप बंद करून वॉल्व्ह मिटावेत आणि पंधरा-वीस मिनिटे काट्याकडे पाहावे. तो शून्याकडे सरकू लागला तर गळती अजून आहे किंवा आत ओलावा उरला आहे.

गॅस वजनावर भरावा. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा पुढच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन लिहिलेले स्टिकर असते; लहान गाड्यांत ते बहुधा ३०० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान असते. एवढ्या थोड्या मापात ५० ग्रॅमांचा फरकही जाणवतो, आणि ‘थोडा जास्त भरला तर जास्त थंड’ ही समजूत साफ चुकीची आहे, कारण जादा गॅसने दाब वाढून थंडावा घटतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच भरायला सांगावे. इंजिन चालू असताना डबा कधीही लाल बाजूच्या नळीला जोडू नये, तो फुटू शकतो. आणि निळ्या बाजूने भरताना डबा उलटा धरून द्रव सोडू नये, कॉम्प्रेसर मोडतो. घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देणारेही भेटतात. तो थंड करतो, यात शंका नाही, पण डॅशबोर्डमागे गळती झाली तर तो पेटणारा गॅस बंद गाडीत साठतो. तिथून गाडी लगेच काढून न्यावी. आधीचा उरलेला गॅस हवेत सोडून देण्याऐवजी यंत्राने परत काढून घेणारे वर्कशॉप निवडावे, कारण आर-१३४एची हवा तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे.

बिलावर बदललेले भाग, तेलाचा प्रकार आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहून घ्यावेत, आणि काढलेला भाग परत मागून घ्यावा. सुटा भाग कोल्हापूर किंवा हुबळीहून मागवावा लागणार असेल तर तोवर उघड्या नळ्यांची तोंडे टोप्या लावून बंद ठेवली आहेत ना, हे स्वतः पाहावे. चिंध्या कोंबून ठेवणे पुरेसे नाही.

गाडी ताब्यात घेताना पहिल्या दिवसासारखेच मोजमाप करावे, तोच थर्मामीटर, तीच जाळी, तोच इंजिनचा वेग. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. आकडा दोन-तीन अंशांनी वर सरकला असेल तर बिल घेऊन लगेच परत जावे, उन्हाळा संपायची वाट पाहू नये. आणि मृगाचा पाऊस लागला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. पावसात काचेवरची वाफही त्यानेच जाते, आणि कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहते.